शंभर गुण आणि बंद दार

रत्नागिरीत मला कुणी विचारलं, की बाई तू दिवसभर घरी बसून करतेस काय, तर पूर्वी मी एका वाक्यात सांगायचे, वेबसाइट तपासते. समोरचा माणूस मान डोलवायचा आणि लगेच विचारायचा, की मग नोकरी कधी बघणार. आता मी जरा सविस्तर सांगते. ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही किंवा ज्यांचा हात माउसवर ठरत नाही, अशांना एखादी वेबसाइट वापरता येते का, हे बघायचं माझं काम. त्यासाठी एक टूल असतं. त्याला पानाचा पत्ता द्यायचा, बटण दाबायचं, की ते पानाच्या पोटात शिरतं आणि चुका काढून आणतं. या फोटोला वर्णन नाही, ही अक्षरं फिकी आहेत, या रकान्याला नाव नाही. चुका लाल दिसतात, दुरुस्त केल्या की हिरव्या होतात, आणि शेवटी शंभरपैकी गुण मिळतात.

गुणांची मला लहानपणापासून हाव. अठ्ठ्याण्णव मिळाले तर उरलेले दोन कुठे गेले म्हणून रडणारी मी. असलं काम मला मानवलं नसतं तरच नवल. पुण्यात काही वर्षं केलं, मग कंपनीनं घरून करायची मुभा दिली तशी बाडबिस्तरा गुंडाळून रत्नागिरीला आले आणि नाचणे रोडला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. सकाळी चहा, मग लाल, मग हिरवं, मग जेवण. दिवस बरा जायचा. ज्यांना दिसत नाही अशा माणसांसाठी आपण काहीतरी करतो, हा रुबाबही मनात होताच. प्रत्यक्षात त्या सगळ्या वर्षांत अशा एकाही माणसाच्या शेजारी मी बसले नव्हते. आणि असं माणूस माझ्या घरातच होतं.

ती माझी काकी, थोरल्या काकांची बायको. देवरूखच्या पुढं आमचं गाव आहे, तिथं ती एकटी राहते. काका गेले, दोन्ही मुलगे मुंबईत. अकरावी-बारावीला मी देवरूखच्या कॉलेजात होते आणि आईवडील मुंबईला, तेव्हा दोन वर्षं काकीनं मला सांभाळलं. ती तांदूळ निवडायला बसायची आणि मला धडा मोठ्यानं वाचायला लावायची. मध्येच विचारायची, "म्हंजे काय गो?" मला सांगता आलं नाही तर म्हणायची, "मंग तुजं झालेलं नाय. परत वाच." ती स्वतः चौथीपर्यंत शिकलेली. माझे बारावीचे गुण निम्मे तिचे आहेत, हे मी तिला आजवर सांगितलेलं नाही, म्हणून इथं लिहून ठेवते.

काचबिंदूनं तिची नजर हळूहळू नेली. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग मधलंही. आता तिला उजेड आणि अंधार तेवढा कळतो. मुलानं नवा फोन दिला आणि एका दिवाळीत मी त्यातलं बोलणं चालू करून दिलं. बोट सरकवलं की फोन पुढची ओळ वाचतो, दोनदा टिचकी मारली की उघडतो. फोनमधल्या त्या आवाजाला काकी "ती बया" म्हणते. चार दिवसांत दोघींचं जमलं. बया जरा नाकात बोलते, एवढीच तिची तक्रार.

गेल्या वर्षीच्या शिमग्यात जे झालं ते आधी सांगायला हवं. शिमग्याला आमच्या ग्रामदेवीची पालखी देवळातून बाहेर पडते आणि गावातल्या प्रत्येक घरी जाते. या फेरीला आमच्याकडे भोवनी म्हणतात. एरवी आपण देवीकडे जायचं, वर्षातून एकदा ती आपल्याकडे येते. मुंबईकर त्यासाठी रजा टाकून येतात, वर्षभर कुलूप असलेली घरं उघडतात, अंगणं सारवतात. पालखी आली आणि दार बंद, ही गोष्ट कुणाच्या घरी होऊ नये अशी. काकी लग्न होऊन आली त्या वर्षापासून तिच्या घरी ती झाली नव्हती. गेल्या वर्षी झाली आणि ती माझ्यामुळं.

ती डोळ्यांचं प्रेशर दाखवायला माझ्याकडे रत्नागिरीला आली होती. आमच्या वाडीची पाळी शनिवारी होती. मी म्हटलं, राहा आणखी एक दिवस, शुक्रवारी संध्याकाळी सोडते. तिकडे एका वाडीत सुतक आलं आणि पालखी शुक्रवारी सकाळीच आमच्या वाडीत शिरली. बदललेल्या वेळापत्रकाचा फोटो गावाच्या ग्रुपवर आदल्या दिवशीच पडला होता. बयेला फोटो वाचता येत नाही आणि मी त्या दिवशी कुठल्यातरी परदेशी कंपनीचं पान हिरवं करण्यात गुंतले होते. पालखी अंगणात आली, थांबली, शेजारणीनं भोयांच्या पायावर पाणी घातलं आणि पालखी पुढं गेली.

काकी मला एका शब्दानंही बोलली नाही. रडली असती, चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. घरी पोचल्यावर तिनं बंद दाराच्या कडीवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग म्हणाली, "पुढल्या साली मला कुनी सांगाया नको. माजं मला कळाया हवं. त्येवडं कर."

तेवढं करायची संधी या वर्षी चालून आली. आमच्या मुंबई मंडळानं गावाची वेबसाइट काढली आणि तपासायला माझ्याकडे दिली. मी टूल लावलं. पान लालेलाल. मंडळाच्या अध्यक्षांपासून सल्लागारांपर्यंत सगळ्यांचे फोटो अगदी वर, देवीच्याही आधी, आणि एकालाही वर्णन नाही. मी पदाधिकाऱ्यांना विचारलं, काय लिहू? त्यांनी उत्साहानं लिहून पाठवलं. कुणी किती वर्षं समाजसेवा केली, कुणाच्या पुढाकारानं देवळाचा रंग झाला, सगळं. मी ते जसंच्या तसं भरलं. मग खाली आलं भोवनीचं वेळापत्रक. तो एका कागदाचा फोटो होता.

तो फोटोच का, हे आमच्या गावाबाहेरच्या माणसाला कळायचं नाही. भोवनीचा कागद मानकरी स्वतःच्या हातानं लिहितात. फुलस्केप कागदावर वाडीवार, घरवार, कुठल्या दिवशी कुठलं घर. मग तो देवीच्या पायाशी ठेवतात, चारी कोपऱ्यांना कुंकू लावतात, आणि मगच तो गावाचा होतो. दुसऱ्या कुणी त्याची नक्कल करायची नाही. फार पूर्वी कुणीतरी नक्कल करताना एक घर गाळलं होतं आणि त्या घरानं पुढं दोन शिमगे गावात पाऊल टाकलं नव्हतं. तेव्हापासून कागद एकच आणि हात एकच. फोटो काढायला मात्र मानकऱ्यांची ना नाही, कारण फोटोत हात त्यांचाच राहतो.

टूल म्हणालं, या चित्राला वर्णन नाही. मी लिहिलं, "पालखीचे वेळापत्रक". टूल गप्प झालं. लाल गेलं, हिरवं आलं, शंभरपैकी शंभर. मी त्या आकड्याचा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला. अंगठे आले, हात जोडलेले आले, अध्यक्षांनी "गावाची लेक" असं लिहिलं. मी काकीला फोन करून ऐटीत सांगितलं, की आता भोवनी कधी ते तुझं तुला कळेल, कुणाला विचारायला नको. ती म्हणाली, "तू आलीस की बघूया." तिचा स्वभावच तसा, निवडल्याशिवाय तांदूळ चुलीवर चढत नाहीत.

भोवनी सोमवारी सुरू होणार होती. मी आदल्या शनिवारीच गावी गेले. पडवीत काकी फोन घेऊन बसली, मी शेजारी. बया बोलायला लागली. अध्यक्षांची समाजसेवा झाली. उपाध्यक्षांची झाली. दोन सचिव झाले, खजिनदार झाले, सल्लागार झाले. काकी बोट सरकवत होती आणि एकेकाला मान देत होती. मग बया म्हणाली, "पालखीचे वेळापत्रक, चित्र." काकीचं बोट थांबलं. तिनं पुढं सरकवलं तर बया म्हणाली, "संपर्क." ती मागं आली. "पालखीचे वेळापत्रक, चित्र." दोनदा टिचकी मारली. काही नाही. पुन्हा मारली.

"ह्या सगळ्यांची वळख झाली गो," काकी म्हणाली. "कुनी काय केलान, सगळा समाजला. देवी माज्या दारी कवा येनार, ता ही बया सांगत नाय."

मी घाईघाईनं म्हटलं, "काकी, मी वाचते ना. आपली वाडी शुक्रवारी सकाळी."

"आज तू हायस म्हनून. शुक्रवारचा गुरवार झाला तर?"

गेल्या वर्षी नेमकं तेच झालं होतं. टूलनं विचारलं होतं, वर्णन आहे का. मी म्हटलं होतं, आहे. वर्णनात काय आहे, हे त्यानं विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. पंचवीस वर्षांपूर्वीची असती तर काकीनं तिथंच विचारलं असतं, म्हंजे काय गो?

तिनं फोन माझ्या हातात दिला. "डोळे मिट आनि तू शोध," म्हणाली. मी मिटले. लोकांच्या वेबसाइटना इतकी वर्षं गुण देणारी मी, पण डोळे मिटून एकही पान वापरलं नव्हतं. पहिल्या मिनिटात मी हरवले. कुठल्या सचिवाजवळ आहे तेच कळेना, चुकून मागं गेले आणि सगळी समाजसेवा पुन्हा पहिल्यापासून ऐकली. काकी माझं बोट धरून हळू सरकवायला शिकवत होती. घाई करू नको, तिला बोलून पुरं करू दे, मग पुढं जा. माझी मान शरमेनं खाली गेली होती, पण खोटं कशाला सांगू, त्याच वेळी बरंही वाटत होतं. दोन वर्षं धडे वाचून घेतले तशीच ती बसली होती, फक्त मांडीवर सूप नव्हतं.

रविवारी सकाळी आम्ही दोघी मानकऱ्यांकडे गेलो. ऐंशीच्या घरातले गृहस्थ, आवाज खणखणीत, रागाला वेळ न लावणारे. मी म्हटलं, "आबा, कागदावरचं सगळं वेबसाइटवर टाइप करू द्या. फोटो राहू दे, पण खाली अक्षरं हवीत."

"कुनाच्या हातची अक्षरं?" त्यांनी विचारलं.

"माझ्या."

"मंग नाय. तू शिकलेली हायस, चूक शिकलेल्यांचीपन होती."

हे त्यांचं म्हणणं खोडायला मी निदान त्या दिवशी तरी लायक नव्हते. काकी पुढं सरकली. ती म्हणाली, "भावोजी, गेल्या साली माज्या दारातनं देवी फिरली. तुमी कागद लिवलाव, त्यात माजा घर हुता. पन माज्यापाशी आला काय तो कागद?"

मानकऱ्यांनी तिच्याकडे बघितलं. त्या पालखीपुढं गेल्या वर्षी तेच चालत होते, बंद दार त्यांनी पाहिलं होतं. ते उठले, पायांत चपला घातल्या आणि म्हणाले, "चला देवळात."

देवळात त्यांनी कागद देवीच्या पायाशीच ठेवला आणि त्यावर बोट ठेवून एकेक ओळ सांगू लागले. मी लॅपटॉपवर लिहीत गेले. पूर्ण झाल्यावर मी म्हटलं, झालं. ते म्हणाले, "कुठं झालं? आता मला ऐकव." मी कच्चं पान काकीच्या फोनवर पाठवलं, तिनं ते उघडलं, आणि बयेनं सगळी भोवनी वाचायला सुरुवात केली. मानकरी कागदावर बोट सरकवत ऐकत होते, काकी फोनवर बोट सरकवत होती. मधल्या वाडीशी मानकऱ्यांनी हात वर केला. "थांब. सुताराच्या अगोदर एक घर हाय." मी बघितलं. खरंच एक घर माझ्याकडून गळलं होतं, आणि तेही मुंबईकरांचं, वर्षातून एकदाच उघडणारं. टूलनं मला शंभरच दिले असते. मी घर घातलं, बयेनं पुन्हा पहिल्यापासून वाचलं, आणि या वेळी मानकऱ्यांनी शेवटपर्यंत मान हलवली. मग लॅपटॉपच्या कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावलं. ते मी अजून पुसलेलं नाही.

जाताना ते मला म्हणाले, "काय बदल झाला तर मी तुला फोनवर सांगेन. तू लिव, नि मला ऐकव. ऐकवल्याबिगर वेबसाइटवर लावू नको." रत्नागिरीला परतल्यावर मी पदाधिकाऱ्यांची समाजसेवा काटछाट करून पानाच्या तळाशी नेली. दोन दिवस अध्यक्ष माझ्याशी बोलले नाहीत. भोवनी वर आली.

बुधवारी दुपारी मानकऱ्यांचा फोन आला. खालच्या वाडीची पाळी गुरुवारी होती आणि त्याच दिवशी तिथल्या काही मुलांचा दहावीचा पेपर आहे हे आता ध्यानात आलं, म्हणून दोन वाड्यांची अदलाबदल. खालची वाडी शुक्रवारी आणि आमची गुरुवारी सकाळी, म्हणजे उद्याच. मी लिहिलं, फोन लॅपटॉपजवळ धरून त्यांना ऐकवलं, त्यांनी होकार दिला, मी पान लावलं. लगेच काकीला फोन करायचा होता, पण ऑफिसची मीटिंग सुरू झाली आणि ती लांबली. गेल्या वर्षीचा शुक्रवार डोळ्यांपुढं यायला लागला. संपल्याबरोबर मी तिला फोन लावला, सात वाजत आले होते.

"काकी, ऐक, भोवनी उद्याच..."

"ठावं हाय गो," ती म्हणाली. "दिवसातनं चार बारी ऐकतंय मी. शेजारनीलापन मीच सांगितलं, ती फोन बघीतच नाय. अंगन सारवून झाला. तू कवा येतंस?"

मी म्हटलं, पहिल्या एसटीनं येते. पहिली एसटी आलीच नाही. दुसरी हातखंब्याला बराच वेळ उभी राहिली. मी देवरूखला उतरून रिक्षा केली, आणि वाडीच्या वळणावर आले तेव्हाच ढोल ऐकू आले. धावत अंगणाशी पोचले तर पालखी टेकली होती. भोयांच्या पायावर पाणी पडून वाळलंही होतं. काकी ओटी भरून बाजूला उभी होती, ठेवणीतल्या लुगड्यात, डोक्यावर पदर, तोंड ढोलाच्या आवाजाकडे. मानकऱ्यांचं गाऱ्हाणं चाललं होतं, या घरातल्या लेकरांना, परगावच्यांना, परमुलखातल्यांना सुखी ठेव, आणि माणसं व्हय म्हाराजा म्हणत होती. मी माणसांच्या मागं उभी राहिले. दम लागला होता, डोळे भरले होते, आणि या घरातली उशिरा आलेली मी एकटीच होते.

पालखीत काकीनं ठेवलेले नारळ दिसत होते. दोन होते. आमच्याकडे घराचा एकच ठेवतात.

गाऱ्हाणं संपलं, भोयांनी पालखी खांद्यावर घेतली, ढोल पुढच्या घराकडे निघाले. माणसं पांगली तसं काकीनं मान जराशी वळवली. माझ्या चपलांचा आवाज तिला बारावीपासून पाठ आहे.

"आलीस?" ती म्हणाली. "तुज्या नावाचा नारळ मी ठेवला. तुला येळ व्हनार ता ठावं हुता. दार उगडाच हाय, ये आत."